हवेत गेलेलं खत

सगुणाबाईला भांडायला कारण लागायचं, पण ते मोठंच असावं असा तिचा हट्ट नव्हता. पेडगाव रस्त्याच्या अलीकडे, नाल्याकाठी तिची गवताची पट्टी होती. तिथं उभं राहून तिनं तोंड उघडलं की रस्त्यावरचे सायकलवाले पाय टेकवून थांबत. असा गळा नाटकमंडळींना नवस करून मिळत नाही. नवरा गेल्यावर याच गळ्याच्या जोरावर तिनं पट्टी राखली, लेकी उजवल्या आणि पुरुषभर उंच, काळसर हिरवं हत्तीगवत पिकवलं. काय दिवस होते ते! सकाळी तिच्या बांधाशी गवळ्यांच्या बैलगाड्या ओळीनं लागायच्या. सगुणाबाईचं गवत घातलं की म्हशीला पेंड कमी लागते, असं ते एकमेकांना सांगायचे.

खत तिनं जन्मात विकत घेतलं नव्हतं. शहराचं सांडपाणी त्याच नाल्यातून यायचं. मोटार लावून पाणी सरीत सोडलं की गवत उसळायचं.

मग नाल्याच्या वरच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प झाला, आणि तिथं ऑपरेटर म्हणून लागला तिचाच पुतण्या, सिद्धोधन. वैर इथून सुरू झालं. तिचा सासरा आश्रुबा यानं छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा दारात उभं राहून सांगितलं होतं, की या घरचं माणूस यापुढं मेलेलं ढोर ओढणार नाही आणि कुणाची घाण उचलणार नाही. राणीसावरगावाहून सून होऊन आलेल्या सगुणाबाईनं म्हाताऱ्या आश्रुबाच्या तोंडून ते बोल इतक्यांदा ऐकले होते, की त्याच्या धापेसकट ते तिला पाठ होते.

"पोरगं डिप्लोमा शिकलं अन् शहराच्या संडासावर राखणीला बसलं," असं ती भावकीत सांगत सुटली. सिद्धोधनच्या लग्नालाही गेली नाही. तोही ऐकून घेणारा नव्हता. "मी मशीन चालवतो. त्याच पाण्यावर गवत पिकवून इकणारी कोण हाय, ते इचारा तिला," असं त्यानं भावकीतूनच परत कळवलं.

प्रकल्पाचा ब्लोअर, म्हणजे टाकीतल्या पाण्यात वारा भरणारं यंत्र, सुरुवातीला अखंड घोंघावायचा. नाल्याचं पाणी निवळलं, वास गेला, पण गवताचा रंग टिकून राहिला. यंदा मात्र पावसाळा सरता सरता ब्लोअर मधूनमधून गप्प बसायला लागला. थोडा वेळ गर्जना, थोडा वेळ चिडीचूप. आणि इकडं गवताची पानं खालून पिवळी पडत वर चालली.

माधवरावांचा तबेला शहरात सगळ्यांत मोठा. त्यांनी एक काडी मोडून उन्हात धरली.

"सगुणाबाई, गवताला कावीळ झाली काय?"

"तुमच्या चष्म्याला झाली असंल."

"चष्मा नवा हाय, बाई. पुढच्या कापणीला रंग आला न्हाई तर मी ताडकळसहून चारा आणीन. राग मानू नका."

राग न मानणं तिला कधी जमलंच नव्हतं. माधवराव गेले की बाकीचे गवळी जाणार, गवळी गेले की पट्टी जाणार. कमरेचा विळा तसाच ठेवून भर दुपारी ती प्रकल्पाच्या फाटकात जाऊन उभी राहिली.

"सिद्ध्या! मशीन बंद करून झोपा काढायलास व्हय रे?"

सिद्धोधन डबा खात होता. त्यानं घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि मग वर पाहिलं. "ये काकू. लग्नाला आली न्हाईस, आता आहेर घेऊन आलीस का?"

"आहेर हाय की. कमरेला लटकलाय."

"बघ, टाकीत जिवाणू हायेत," तो हात धुऊन म्हणाला. "वारा दिला की ते घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. त्यावर तुझं गवत माजत होतं. आता आमी मधी मधी वारा बंद ठेवतो. मग दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात, अन् उरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन हवेत जातो. पाणी अजून साफ व्हतं, वर लाईटबी वाचते."

"म्हंजे माझ्या गवताचं खत तू हवेत उडवायलास!"

"तुझ्या गवतासाठी शहरानं नाहक लाईट जाळायची का? अन् खाली नदीला शेवाळ धरतं, त्याचं काय?"

"नदी तुझी चुलती लागते काय?"

"न्हाई ना. म्हणून तर गुमान वाहते."

सगुणाबाईनं फाटकाचा गज असा हलवला की कुलूप वाजलं. सिद्धोधन मागून ओरडला, "हत्तीगवत लय खादाड हाय, काकू! लसूणघास लाव. त्याच्या मुळ्या हवेतलं खत आपलं आपण ओढतात."

"तू मला शेती शिकव, अन् मी तुला संडास शिकवते!"

दिवाळीच्या सुमाराला सिद्धोधनची बायको धम्मशीला बाळंतपणाला गंगाखेडला गेली, आणि तोही रजा घेऊन तिकडं गेला. बदलीवर बन्सीधर आला. तो दुसरीकडून आलेला, इथली रीत त्याला नवी. दुसऱ्याच दिवशी सगुणाबाई फाटकात हजर. आवाज असा मऊ, की तिच्या लेकींनीही ओळखला नसता.

"मी सिद्धोधनची सख्खी चुलती. त्याचा निरोप हाय, ब्लोअर बंद पडू देऊ नका. चालूच ठेवा म्हणलाय."

घरचं माणूस निरोप घेऊन आलं म्हटल्यावर बन्सीधरनं विचारपूस केली नाही. दवाखान्यात बसलेल्या माणसाला कशाला फोन करायचा, असंही त्याला वाटलं. त्यानं पॅनेलवरची मूठ फिरवली आणि ब्लोअर जो घोंघावायला लागला तो थांबेचना.

गवत कोंबापासून हिरवं होत गेलं. माधवराव येऊन पानावरून हात फिरवून गेले. सगुणाबाई बांधावर उभी राहून प्रकल्पाकडं अशी पाहायची, जशी एखादी नटी टाळ्या घेऊन विंगेत उभ्या सवतीकडं पाहते.

आणि एका सकाळी तिनं मोटार लावली तर पाण्याबरोबर काळ्या, फुगलेल्या गोळ्यांचा लोंढा सरीत शिरला. ती मोटार बंद करायला धावली तोवर अर्धी पट्टी गाळानं लिंपली होती. माधवरावांचा टेम्पो आला, नाकाला रुमाल लावून रिकामा परतला.

विळा हातात घेऊनच ती वर गेली. फाटक सताड उघडं होतं. निवळणीच्या गोल टाकीवर काळी साय तरंगत होती आणि काठावरून नाल्यात सांडत होती. इंजिनिअर नीलम मॅडम, बन्सीधर, आणि गंगाखेडहून तातडीनं बोलावलेला सिद्धोधन टाकीपाशी उभे होते.

"ब्लोअर अखंड चालवला, मॅडम," सिद्धोधन सांगत होता. "नायट्रेट उरलं अन् निवळणीच्या टाकीत आलं. इथं वारा न्हाई, मग बुडबुडे इथंच उठले अन् खाली बसलेला गाळ वर घेऊन आले. पयले अखंड चालवायचो तवा हा गाळ घडीघडी उपसायचो, आता तो बसून राहतो."

"पण चालवायला सांगितलं कुणी?"

"यांचाच निरोप होता, मॅडम," बन्सीधर म्हणाला.

"मी कुणाला निरोप दिला न्हाई."

नीलम मॅडमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रजेवर जाताना वाटेल तो निरोप ठेवायचा आणि नंतर हात झटकायचे. असली बेजबाबदार, आळशी माणसं मला इथं नकोत. उद्यापासून येऊ नका."

सगुणाबाईच्या मनासारखं झालं होतं. पोरगं संडासावरून सुटलं होतं. गप्प राहिली असती तर आश्रुबाचा शब्दही राहिला असता. पण पुतण्याला आळशी म्हणणारी ही कोण टिकोजीराव? त्याला नावं ठेवायचा मान तिनं आजवर दुसऱ्या कुणाला दिला नव्हता.

"ओ बाई! आमच्या घरात आळशी कुणी जन्मला न्हाई. निरोप मी दिला. खोटा दिला. माझं गवत मरायलंय म्हणून दिला. त्याला बोलायचं तर मी बोलीन. तुमी न्हाई."

बन्सीधरनं मान हलवली. हीच ती. मॅडमनी विळ्याकडं पाहिलं. "परत या फाटकात पाय ठेवलात तर पोलिसांत देईन." मग सिद्धोधनकडं वळून म्हणाल्या, "आधी टाकी ठिकाणावर आणा."

म्हणजे नोकरी राहिली. सिद्धोधन फाटक लावायला आला.

"तुझे उपकार मागितले नव्हते मी."

"केलेबी न्हाईत."

पट्टीतला गाळ तिनं फावड्यानं एकटीनं ओढला. संध्याकाळी तो दुसऱ्या टोकाला फावडं घेऊन उतरला, तेव्हा ती खालून कडाडली, "आश्रुबाच्या नातवाला हे शोभत न्हाई! वर हो!" "सुनेला शोभतंय का?" तो तिकडून ओरडला. कुणीच वर झालं नाही. अंधार पडेपर्यंत दोघं एकमेकांना शिव्या देत गाळ ओढत राहिले.

माधवराव ताडकळसला गेले ते गेलेच. सगुणाबाईनं हत्तीगवताचे खुंट उपटले आणि लसूणघास पेरला, ही अक्कल आपली स्वतःची असं भावकीत सांगून. आता गुडघाभर आलाय. दोघा शेळीवाल्यांनी चाखून पाहिलाय, एक गवळी भाव विचारून गेलाय.

ब्लोअर गप्प बसला की ती बांधावर येते.

"उडीव, उडीव हवेत! माझ्या मुळ्या वढून घ्यायला बसल्यात. मला काय कमी न्हाई!"

"चोरटा तुझा घास," वरून आवाज येतो. "अन् तूबी!"

सिद्धोधनच्या पोराच्या नाव ठेवायच्या कार्यक्रमाला तिला बोलावणं गेलेलं नाही. तिनंही विचारलेलं नाही.