गार्डसाहेबांचं प्रस्थान

आमच्या शेलूबाजारात गार्डसाहेब कोणाच्याही ओट्यावरून उठायचे, तर आधी खिशातली शिट्टी फुंकायचे. मग उजवीकडं बघायचे, डावीकडं बघायचे, आणि उठायचे. आगगाडीची गार्डकी करून पेन्शनीत आले होते, पण गाडी सोडायची सवय सुटली नव्हती. मला म्हणायचे, "सुटनं आपल्या हाती असते, गणपत. सुटली म्हनजे सुटली. पुढचं इंजिनवाला पाह्यते."

बायको वारलेली. एकुलती एक विमल विलायतेत नर्स. बापानं म्हातारपण आपल्याजवळ काढावं म्हणून तिनं खटपट केली, आणि गार्डसाहेबांच्या पासपोर्टावर तिकडं कायमचं राहायचा व्हिसा लागला. त्याला मुदत होती जानेवारीतली. मुदत गेली तर पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही, असं विमलनं बजावलं होतं.

पण गार्डसाहेबांचा पाय निघेना. आधी म्हणाले दसरा होऊ दे, मग दिवाळी. दसऱ्याला वळकटी खांद्यावर टाकून माझ्या दारात हजर. "ठेव हे. प्रस्थान ठेवून राह्यलो." लांब जायचं असलं आणि मुहूर्त आधी येत असला, की आमच्याकडं सामान शेजारी नेऊन ठेवतात. माणूस निघाला असं धरतात. वळकटी माझ्या कोनाड्यात बसली आणि गार्डसाहेब रोज तिला भेटायला येऊ लागले. माझी बायको चहाचं आधण ठेवताना म्हणायची, "आले विलायतचे पाहुने!"

बाजारात कोणी डिवचलं, "काहून गार्डसाहेब, अजून इथंच?" तर उत्तर तयार असायचं, "इथं कुठं? मी तं कवाच निंगालो. जा, वळकटी पाहून ये."

हुरड्याचे दिवस आले. माझ्या वावरात आम्ही दोघं आगटीजवळ बसलो होतो. गरम कणसं चोळता चोळता ते खुशीत म्हणाले, "मुदतीच्या दिवशी सकाळच्या येष्टीनं निंगतो, मंग मुंबईहून इमान. बसते बराबर."

मी चौथीच शिकलो, पण पटल्याशिवाय मान डोलावली नाही कधी. म्हटलं, "मुदत निंगाची हाय का पोचाची?"

"निंगाची. टाइम गाडी सुटाचा असते."

"लग्नाची वेळ टळून गेली, अन नवरदेव म्हनला मी घरून टायमात निंगालो होतो, तं लग्न लागते काय?"

"तुले काय समजते इमानातलं!"

"इमानातलं नाही समजत, लग्नातलं समजते."

"अरे, पन वळकटी तं निंगाली ना!"

"माह्या कोनाड्यातल्या वळकटीवर विलायतचा साहेब ठप्पा मारन काय?"

हातातलं कणीस टाकून ते तडक उठले. शिट्टीसुद्धा वाजवली नाही.

सकाळी पासपोर्ट घेऊन आले. रात्रभर एकेक इंग्रजी अक्षर लावून वाचलं होतं. चेहरा उतरलेला. "पोचाचीच हाय रे, गणपत. पोरगी तिथं उभी राह्यली असती अन मले दारातूनच वापस धाडलं असतं."

त्यांचं तिकीट मुंबईच्या पुतण्यानं काढलं होतं, त्याला तार केली. त्यानं विमानाची तारीख अलीकडं आणली आणि दोन दिवसांत निघायचं ठरलं.

येष्टीजवळ अर्धा गाव जमला. वळकटी टपावर चढली, कंडक्टरनं घंटी मारली, पण गार्डसाहेब दांडा धरून खालीच उभे.

"चढा नं!"

"कसा चढू? जन्मभर दुसऱ्यायले सोडलं. मले कोन सोडते?"

मी त्यांच्या खिशातली शिट्टी काढली आणि छातीत होता तेवढा दम लावून फुंकली. त्यांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, आणि चढले.

"शिट्टी राह्यली!" मी गाडीमागं ओरडलो.

खिडकीतून हात आला. "राहू दे! वापस येईन तवा लागन!"

पोचले. मुदतीत पोचले. चार वर्षं लेकीजवळ सुखात काढली आणि तिकडंच गेले. शिट्टी माझ्या खुंटीला आहे. घरातलं कोणी लांब निघालं, की मीच फुंकतो. पण आधी विचारतो, पोचायचं कधी?