फायबरची बोट पाणी पीत नाही

ठाण्याहून डोंबिवलीला पाण्यातून जाता येतं, असं सांगितलं की लोक हसतात. मी गेलेय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून थेट डोंबिवलीच्या मोठागावला. खाडी सुंदर होती, पण तो प्रवास आठवला की माझं डोकं अजून तापतं.

कारण दादाची बोट. माझ्या थोरल्या भावाची कंपनी बंद पडली, तेव्हा त्याने कुठल्याशा बड्या माणसाची जुनी फायबरची मोटारबोट विकत घेतली. मोठागाव ते खाडीपलीकडचं माणकोली अशी माणसांची फेरी चालवायचा त्याचा बेत होता. तिथल्या गाववाल्यांनी निरोप दिला होता की बोट आणून दाखवा, पसंत पडली तर फेरी तुमची. नाही पडली तर दादाकडे ना नोकरी ना धंदा, आणि वहिनीला आठवा महिना लागलेला.

आणि बोट गळत होती. अशा बोटीचं इंजिन आत असतं, पंखा बाहेर, आणि मागच्या भिंतीला भोक पाडून दोघांना जोडणारा एक लोखंडी पाय असतो. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, गळती त्या पायापाशी असणार. पण आमचे मामा पडले जुने नाखवा, सगळा जन्म होडीत गेलेला. ते म्हणाले, "पोरी, होरी पानी पीते. तिचं पोट भरलं का थांबते ती."

लाकडी होडीचं ते खरंच आहे. नवी होडी पाण्यात ठेवली की फळ्या फुगतात आणि फटी मिटतात. पण ही फायबरची! मी मामांना विचारलं, प्लास्टिकची बादली कधी फुगलेली पाहिलीत का? मामा हसले आणि दादाने बोट धक्क्याला बांधून ठेवली. रोज सकाळी उठून तो पाणी उपसायचा आणि संध्याकाळी मामा येऊन "अजून तहान हाय तिला" म्हणायचे. मी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या कारखान्यात होते. तयार पंप गळतो का, हे तपासायचं माझं काम. म्हणजे गळती शोधायचा पगार घेणारी बाई घरात, आणि तिला विचारायचं कुणाच्या मनातही येऊ नये!

शेवटी गाववाल्यांचा दिवस आला आणि तशीच गळकी बोट घेऊन आम्ही निघालो. दादा, मामा आणि हट्टाने मी. कुणाला हा मार्ग करायचा असेल तर भरती धरूनच निघा, कळव्याच्या पुलाखाली ओहोटीला नुसता चिखल असतो. पुढे कशेळीच्या बाजूने वळलं की पाणी रुंदावतं. दोन्ही काठांना तिवरं, मागे पारसिकचा डोंगर, मध्येच बगळ्यांची रांग. सोबत तांदळाची भाकरी आणि सुकट घेतली होती. ती मी एका हाताने खाल्ली, कारण दुसऱ्या हाताने पाणी उपसत होते.

मुंब्र्याच्या रेतीबंदरला बोट लावली, तेव्हा इंजिनाखाली घोटाभर पाणी. मामा ओळखीच्या घरी चहाला गेले. मी बोट फडक्याने कोरडी पुसली, दुकानातून तांदळाचं पीठ आणलं आणि तळाला सगळीकडे भुरभुरवलं. थोड्याच वेळात पिठात एक ओली रेघ उमटली. ती मागच्या भिंतीपासून निघालेली, जिथून गिअरची वायर आत येते बरोबर तिथून.

ओहोटीला बोट रेतीवर टेकली. नट सोडून दादाने आणि मी तो जड पाय ओढून काढला. वायरीवर रबराचं नळीसारखं, चुण्याचुण्यांचं आवरण असतं, गॅरेजवाले त्याला बूट म्हणतात. एका चुणीत ते चिरलेलं होतं आणि चिरेवर काळं लुकण थापून वर रंग मारलेला. विकणाऱ्याला ठाऊक होतं! बेकारीतल्या माणसाला फसवताना त्याला लाज कशी वाटली नाही, हे मला आजही कळत नाही.

शीळफाट्यावरून बसने कल्याण गाठलं. रस्ता तेव्हा कंबरडं मोडणारा होता, आता बरा आहे. शिवाजी चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बोटीचं काही मिळणार नव्हतंच. मोटारीच्या स्टिअरिंगचा बूट घेतला, मापाने कापला, दोन क्लिपा घेतल्या आणि परत येऊन बसवला. संध्याकाळच्या भरतीला मामा परत येऊन बसले, बोट तरंगली, तेव्हा खाली घातलेलं पीठ कोरडंच राहिलं.

मोठागावच्या रेतीबंदरावर गाववाले उभे होते. त्यातल्या वयस्कर पाटलांनी आत उतरून तळावर हात फिरवला.

"कोरडी ठाक हाय रं."

"पोटभर पानी पाजलंय तिला," मामा म्हणाले. पाटलांनी मान डोलावली. पाटलांनी दादाकडे पाहिलं आणि दादा म्हणाला, "हो, मामांचं ऐकलं म्हणून."

मी तोंड उघडलं होतं. पण फाटलेल्या रबराचं नाव काढलं असतं तर फेरी गेली असती. वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि गप्प बसले. गप्प बसण्याइतकं कठीण काम मी कारखान्यातही केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चेंदणीला, चहाच्या वेळी, दादा म्हणाला, "मामांचा मान राहिला, फेरी मिळाली. तुझं काय गेलं?"

"माझं काही नाही गेलं. पण रबर आहे ते, पुन्हा चिरणार. तेव्हा बोटीत शाळेची पोरं असतील. त्यांना काय सांगशील, बोट पाणी पितेय, थांबा?"

दादाने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "दर वेळी निघायच्या आधी काय काय बघायचं, ते सांग मला."

मी सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणून घेतलं. मोठागाव-माणकोली पूल होईपर्यंत, जितकी वर्षं ती बोट चालली, तितकी वर्षं त्याने ते रोज बघितलं. माझा निम्मा राग त्यामुळे उतरला. उरलेला निम्मा अजून तसाच आहे.