संपदा ढमढेरेचा क्लास फाइव्ह

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. टौरंगातल्या एका वाहतूक कंपनीच्या यार्डात संपदा ढमढेरे ट्रक आणि ट्रेलर यांच्या मधल्या जागेत उभी राहून हवेच्या ब्रेकचे पाइप एकेक करून हाताने ओढून बघत होती. पाइप पक्का बसलाय की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. मग जोडाची पिन, मग दिवे, मग टायर. नऊ वाजता परीक्षा होती आणि ती दुसऱ्यांदा देत होती.

न्यूझीलंडमध्ये जड ट्रकमागे ट्रेलर जोडून चालवायचा तर क्लास फाइव्हचं लायसन्स लागतं. दोन ट्रेलरची लांबलचक गाडी, जिला इथे बी-ट्रेन म्हणतात, तीही याच लायसन्सवर चालते. संपदाकडे क्लास फोर होतं, म्हणजे बिनट्रेलरचा ट्रक. त्यावर ती किवीच्या बागांना रिकामे क्रेट पोचवायची. हंगाम सुरू झाला होता. टे पुके गावच्या, फळं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाउसपासून बंदरापर्यंतच्या फेरीवर बी-ट्रेनला ड्रायव्हर हवा होता. मॅनेजरने आडपडदा ठेवला नव्हता. आज पास झाली तर फेरी तिची. नाहीतर माउंट वेलिंग्टनचा एक ड्रायव्हर सोमवारी रुजू होणार होता, आणि संपदाचे क्रेट पुढच्या हंगामापर्यंत पक्के.

पहिल्या वेळी ती नापास झाली ती वडिलांनी दिलेल्या शिकवणीमुळे. सुधाकर ढमढेरे यांचे निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात दोन ट्रक आहेत. मागे माणूस उभा असल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. संपदा टौरंगाला आली ती सप्लाय चेनचा डिप्लोमा करायला. पुढे पॅकहाउसच्या ऑफिसात नोकरी केली, खुर्चीला कंटाळली आणि ट्रकवर आली. नियम मात्र तिने सोबत आणला होता. दर रविवारी ती यार्डात सराव करायची तेव्हा ट्रेलरमागे तिचा नवरा क्षितिज उभा असायचा. तो सॉफ्टवेअरमधला. सासऱ्यांनी त्याला व्हिडिओ कॉलवर तयार केलं होतं. हात हलवू नका, क्षितिजराव, आरशात दिसत नाहीत. फाळक्यावर थाप मारा. एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन म्हणजे थांबा, आणि तोंडाने ‘बस्स’ ओरडा.

कंपनीचा ट्रेनर हेमी शेजारच्या सीटवर बसून ही मौज बघायचा. महिनाभरात तो स्वतःच ‘बस्स’ म्हणायला शिकला. तुझा नवरा काही लायसन्सवर छापून येणार नाही, असं त्याने एकदा सुनावलंही होतं. संपदाने ते हसण्यावारी नेलं.

परीक्षेत मागे कुणी नव्हतं. गाडी मागे येत असताना तिच्याजवळ पायी माणूस फिरकू द्यायचा नाही, हा इथला परीक्षेचा नियम. संपदाने तो लेखी परीक्षेत बरोबर लिहिला होता. प्रत्यक्षात तिने काच खाली केली, रेडिओ बंद केला आणि ट्रेलर मागे घ्यायला लागली. डाव्या बाजूचा प्लॅस्टिकचा शंकू चाकाखाली गेला, तरी ती येतच राहिली. परीक्षक बाईंनी गाडी थांबवून विचारलं, दिसत नव्हतं तर थांबली का नाहीस? संपदाने खरं तेच सांगितलं. ती थाप पडायची वाट बघत होती.

ही गोष्ट यार्डात लपून राहिली नाही. पुढचा आठवडाभर येणारा-जाणारा तिच्या ट्रकच्या दारावर दोन थापा मारून पुढे जायचा.

हेमीने क्षितिजला लॅपटॉप घेऊन स्वतःच्या कारमध्ये बसायला सांगितलं आणि संपदाला नवी रीत घालून दिली. आरसा जिथे संपतो तिथे हँडब्रेक लावायचा, खाली उतरायचं, मागे चालत जाऊन डोळ्यांनी बघायचं, मग पुन्हा चढायचं. संपदाला हे जड गेलं. निगडीत अर्ध्यात उतरणारा ड्रायव्हर कच्चा समजतात, लोक हसतात, असं ती म्हणाली.

“कोण हसतं?” हेमीने विचारलं.

“सगळं ट्रान्सपोर्टनगर.”

“इथे मी एकटाच आहे. आणि मी हसत नाहीये, मला भूक लागलीये. उतर.”

त्या दिवशी ती अकरा वेळा उतरली.

आज, गुरुवारी नऊला, दुसऱ्या परीक्षेलाही परीक्षक बाई त्याच होत्या. रस्त्यावरचा भाग सरळ पार पडला. मग यार्ड. ट्रेलर दोन शंकूंच्या मधून माल चढवायच्या धक्क्याला लावायचा होता. ट्रेलरचं शेपूट स्टिअरिंगच्या उलट वळतं. डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे. डावा आरसा जिथे संपला तिथे संपदाने हँडब्रेक लावला आणि उतरली. शंकू हातभर अंतरावर होता. ती चढली, थोडं पुढे जाऊन गाडी सरळ केली, पुन्हा मागे आली, पुन्हा उतरली. पलीकडे वाट अडलेल्या फोर्कलिफ्टवाल्याने इंजिन बंद करून डबा उघडला. संपदाने त्याच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्यांदा उतरून तिने धक्क्याच्या रबरापर्यंतचं अंतर बघितलं. मग ट्रेलर रबराला असा टेकला की केबिनमधला कॉफीचा कप हललासुद्धा नाही.

“तीनदा उतरलीस,” परीक्षक बाई म्हणाल्या.

“हो.”

“दोनदा पुरलं असतं. पण शंकू सगळे उभे आहेत. पास.”

हेमीने ऑफिसच्या दारातूनच ‘बस्स’ अशी आरोळी ठोकली. क्षितिजने मीटिंग अर्धवट सोडली. दुपारपर्यंत लायसन्सच्या काउंटरवरून क्लास फाइव्हचं तात्पुरतं लायसन्स संपदाच्या हातात आलं. तीन वाजता, म्हणजे निगडीत सकाळी साडेसातच्या चहाच्या वेळी, तिने वडिलांना फोन लावला. पास झाल्याचं ऐकून सुधाकररावांनी आधी आत हाक मारून बायकोला ते सांगितलं, मग विचारलं, “मागे कोण होतं?”

“मीच. उतरून जात होते, बाबा.”

“एवढी लांब गाडी लावायला तू स्वतः खाली उतरलीस?”

“तीनदा.”

मग ते म्हणाले, “आपल्या ड्रायव्हरला, रम्याला सांगतो आजच. गेल्या महिन्यात त्याने दुसरी भिंत पाडली. मागे माणूस होता तरी.”

संध्याकाळी यार्डातल्या फळ्यावर शुक्रवारचा रोस्टर लागला. बी-ट्रेनसमोर संपदाचं नाव आहे. पहिला आठवडा हेमी शेजारी बसेल. पहिली फेरी टे पुकेहून सकाळी पावणेसहाला सुटते.