मलाही चूक म्हणा

"तू बाहेर बस. हे तुझ्या कामाचं नाही."

सर एवढं बोलले आणि फळ्यावर मोठा गोल काढायला लागले. त्या गोलाभोवती सुरांची नावं येणार होती. कोणता सूर कोणाचा शेजारी, कोणती पट्टी कोणाच्या नात्यातली, हे सगळं त्यात असतं म्हणे. क्लासमधली बाकीची मुलं सरसावून बसली. मी माझी बेस गिटार उचलली आणि बाहेर गेले.

बाहेर म्हणजे व्हरांड्यात. चपला-बुटांच्या शेजारी. चंद्रपूरचा उन्हाळा, फरशी तव्यासारखी.

बेस गिटार स्पीकरला जोडली नाही तर मुकीच. वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही. पण तिचं डोकं, म्हणजे खुंट्यांचं टोक, लाकडाला टेकवलं की ते लाकूड घुमतं. मी ते क्लासच्या दाराला टेकवलं आणि हळू वाजवत बसले. जरा वेळाने आतून हसू ऐकू आलं. क्लासमधला एका डॉक्टरांचा मुलगा म्हणत होता, "सर, दरवाजा वाजून राह्यला."

दार उघडलं. सर रागावलेले नव्हते, तेही हसत होते.

"दाराला लावू नकोस गं. जरा लांब बस."

मी लांब बसले. आमच्या गावच्या बाजारात मोहफूल विकायला गेलेल्या बायांनाही व्यापारी असंच म्हणतात. लांब बस. त्यांना तेव्हा कसं वाटतं ते मला त्या दुपारी कळलं.

मी गोंड. गाव मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. शेजारच्या बंगाली निर्वासितांच्या गावात दुर्गापूजेला ऑर्केस्ट्रा असतो. तिथल्या एका दादाची बेस मी लहानपणी पहिल्यांदा ऐकली. ऐकली म्हणजे छातीत जाणवली. बाकीची पोरं गाणाऱ्याकडे बघायची, मी त्या दादाच्या बोटांकडे. त्याने नवी घेतली तेव्हा जुनी मला दिली आणि शिकवलीही. त्याची शिकवण म्हणजे एवढीच, की बोट इथे ठेव, मग इथे, मग परत इथे. नाव-गाव काही नाही. पंधरा-वीस गाणी मी अशी बोटांच्या जागांवर पाठ केली.

कॉलेजसाठी चंद्रपूरला आले, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहिले, तेव्हा कळलं की एवढ्याने भागत नाही. वादक मंडळी एकमेकांशी बोलायची ते मला समजायचं नाही. कोणी म्हणायचं एक चढव, कोणी म्हणायचं पाचव्यावर जा. मी नुसती मान हलवायची. मला ती भाषा हवी होती. बोटाखालचा सूर कोणता, तो तिथेच का, दुसरीकडे कुठे सापडतो. त्यासाठी मी कॉलनीतल्या या क्लासला आले होते. फी मीही भरत होते.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला वाजवायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग सगळ्यांना म्हणाले, "बघा. याला म्हणतात रक्तातला ठेका. ढोल ऐकत जन्मलेली माणसं ही. यांना थिअरी शिकवली तर उलट बिघडतील."

टाळ्या पडल्या. माझे कान गरम झाले. सरांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगत सुटले की सर म्हणतात, मला शिकवायची गरजच नाही.

त्या दिवसापासून थिअरी सुरू झाली की मी व्हरांड्यात. रोज. आतून आवाज यायचा. डॉक्टरांच्या मुलाला सर म्हणायचे, "चूक. पुन्हा. अजून चूक. बोट बघ कुठे आहे." बिचारा रडकुंडीला यायचा. मला त्याची कीव यायची. मला सर कधीच चूक म्हणाले नाहीत. लांब बसायचं टोचायचं, तरी वाटायचं, मी त्याच्यापेक्षा पुढे आहे.

मग क्लासचा वरोऱ्याचा कार्यक्रम आला.

हॉल भरलेला. मोठमोठी माणसं पुढे सोफ्यावर. आमच्यात गायला एका इंजिनिअरची मुलगी होती. दुसऱ्या गाण्याआधी तिचा घसा बसला. सरांनी मागे वळून सांगितलं, "सगळे दोन सूर खाली."

गिटारवाल्याने मान हलवली. कीबोर्डवाल्याने एक बटण दाबलं. दुसऱ्या गिटारवरचा डॉक्टरांचा मुलगा क्षणभर बोटं मोजत राहिला, मग त्यालाही जमलं. मी तशीच उभी. माझं ते गाणं सगळ्यात जाड तारेवर उभं होतं, बोट न ठेवता वाजणाऱ्या मोकळ्या तारेवर. तिच्या खाली जागाच नाही. दोन खाली म्हणजे कुठे जाऊ?

गाणं सुरू झालं. मी चाचपडत बोट टाकलं. चूक. दुसरीकडे टाकलं. तेही चूक. बेस चुकली की लोकांना काय चुकलं ते कळत नाही, पण काहीतरी चुकतंय एवढं सगळ्यांना कळतं. गाणाऱ्या मुलीने वळून बघितलं. पुढच्या रांगेतले हसू लागले. मी तारा तळहाताने दाबून धरल्या आणि गाणं संपेपर्यंत हात हलवायचं नाटक केलं.

गाणं संपलं. सरांनी माईक घेतला.

"बेसवर आमची जंगलातली मुलगी आहे. जरा सांभाळून घ्या. थिअरी नसली तरी रक्तात ठेका आहे."

हशा आणि टाळ्या. दोन्ही एकदम.

मला लाज वाटली. चुकले त्याची लाज होतीच, पण "थिअरी नसली तरी" हे शब्द डोक्यातून जाईनात. ती माझ्याकडे का नव्हती? मी शिकायला आले नव्हते का? व्हरांड्यात मला कोणी बसवलं? आधी बाहेर ठेवायचं, मग माईकवर सांगायचं की हिला आतलं काही येत नाही.

पुढे मोठी सुट्टी होती, मी गावी गेले. घरी आम्ही गोंडीत बोलतो. मायला सगळं सांगितलं. रक्तात ठेका ही गोष्ट ऐकून ती हसायलाच लागली. म्हणाली, तुझ्या बाबाच्या रक्तात कसला ठेका, त्याला ढोल धरताही येत नव्हता. त्याच्या मामाने त्याला कितीतरी दिवस नुसतं ऐकायला बसवलं होतं. मग हातात ढोल वाजवायचं टिपरू दिलं. चुकला की बोटांवर काडी. कोणत्या देवाला कोणता बोल, कोणता लग्नाचा, कोणता मरणाचा, सगळं पाठ करून घेतलं. एकदा भर कार्यात बाबा चुकला तर मामाने ढोल काढून घेतला होता.

बाबा बाजूलाच बसला होता. मी त्याला विचारलं, राग नाही आला? तो म्हणाला, राग कशाचा, त्याला मला वादक करायचं होतं म्हणून तो मारत होता. ज्याला वादक करायचं नव्हतं त्याला तो वा वा म्हणून घरी पाठवायचा.

मामाची काडी मला आवडली असं नाही. पण मला वा वा म्हणून व्हरांड्यात पाठवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडेही शिकावंच लागतं. आमच्याकडेही चूक आणि बरोबर असतं. सरांना ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

सुट्टी संपली. क्लास सुरू झाला. सरांनी फळा पुसला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चल, तू बाहेर."

"नाई सर. मी इथीच बसते."

सर वळले. मग समजावणीच्या सुरात बोलायला लागले. माझ्याकडे जे आहे ते नैसर्गिक आहे, ते जपायला हवं, पुस्तकी गोष्टींनी ते मरेल, माझ्या भल्यासाठीच ते सांगताहेत.

मी डॉक्टरांच्या मुलाकडे बोट केलं.

"याले तुमी रोज चूक म्हणता सर. मले एकदा तरी चूक म्हणा."

सरांनी फळ्यावर लिहायच्या पेनचं टोपण लावलं आणि ते खुर्चीत बसले. तू जाईपर्यंत वर्ग बंद, असं तोंडाने म्हणाले नाहीत, पण सगळ्यांना समजलं. मुलं माझ्याकडे बघू लागली. डॉक्टरांचा मुलगा चिडून म्हणाला, "जा ना यार. काऊन सगळ्यायचा टाइम खराब करून राह्यली?"

मी गेले नाही. तास तसाच संपला.

पुढच्या वेळीही मी आतच बसले. मग सरांनी शिकवायला सुरुवात केली, पण मी खोलीत नाहीच असं धरून. सगळ्यांना प्रश्न विचारले, मला नाही. सगळ्यांची बोटं तपासली, माझी नाही. महिना संपल्यावर सांगितलं, पुढच्या बॅचमध्ये जागा नाही.

जेवढं कानावर पडलं तेवढं मी घेऊन आले. वरोऱ्याला जो सूर मला सापडला नव्हता तोच सूर, एक सप्तक वरचा, बाजूच्याच तारेवर होता, पट्ट्यांमधल्या पाचव्या घरात. आत बसलेल्यांना हे थिअरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे.

आता वसतिगृहात फोनवर बघून शिकते. हळू जमतंय. इंग्रजी अडतं. फोनमधला माणूस छान सांगतो, पण माझी बोटं त्याला दिसत नाहीत. मी चुकीचं घोकत बसले तरी तो हसतमुखाने पुढे जातो. त्यामुळे मी किती चुकतेय हे मला माहीत नाही, आणि याचा मला रोज त्रास होतो.

नागपुरात एक क्लास बघून ठेवलाय. तिथे पहिल्या दिवशी काय बोलायचं ते ठरलं आहे. माझ्या रक्तात काही नाही. बोटं आहेत, कान आहेत, बाकी सगळं शिकायचं आहे. माझं कौतुक करू नका. चुकले की थांबवा, सगळ्यांदेखत थांबवा, जसं बाकीच्यांना थांबवता. शिकवायचं नसेल तर माझ्या जंगलाचं नाव पुढे करू नका, शिकवायचं नाही असं तोंडावर सांगा. आणि का नाही, तेही सांगा. ते ऐकल्याशिवाय मी जागची हलणार नाही.