बहिणीची सही

दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून माझ्या पोटात दुखतं. हे मी आता म्हातारपणी कबूल करतो, कारण आता त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पण महाडात मी जमिनीचा दलाल व्हायला निघालो तेव्हा सकाळी मला अंथरुणातून उठवायचं काम ह्या पोटदुखीनेच केलं. उमेद, जिद्द हे शब्द लोक मागाहून वापरतात.

त्याआधी सहा वर्षं मी रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर एका दस्तलेखकाच्या टेबलावर खरेदीखतं लिहीत होतो. अक्षर वळणदार, कुठल्याही शेताच्या चारी हद्दी तोंडपाठ. समोर दलाल यायचे. कागदातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि तरी विकणारा नि घेणारा दोघेही त्यांच्या तोंडाकडे बघत. हे लोक अडाणीपणावर जे करतात ते आपण अकलेवर करू, असं माझ्या डोक्यात भरलं. टेबल सोडलं आणि धंद्याला लागलो.

पहिले आठ महिने एक व्यवहार झाला नाही. नाते गावापासून थेट पोलादपूरच्या वरपर्यंत पायपीट केली, चपलांचे दोन जोड झिजवले. आमच्या भागात जमीन विकायची आहे असं कोणी तोंडाने म्हणत नाही, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. म्हटलं तर घरची पत गेली असं गावभर होतं. मी मात्र पडवीत बसून, बायकापोरांसमोर, जमीन काढायची आहे का, असं खणखणीत विचारायचो. चहा मिळायचा, उत्तर मिळायचं नाही. खरी रीत अशी की आपण पीकपाण्याचं बोलून उठायचं. घरधनी बांधापर्यंत सोडायला येतो, मागे वळून बघतो आणि हळूच म्हणतो, "कोन बघनारा असला तर सांगा." हे शिकवायला मला कोणी नव्हतं, आणि विचारायला मी कोणाकडे गेलोही नाही.

ज्याच्याकडे जायला हवं होतं त्याचंच तोंड मला बघवत नव्हतं. मूळचा तो गुरांच्या बाजारातला हेड्या, रुमालाखाली बोटं धरून बैलांचे सौदे जमवणारा, आता जमिनीचे जमवत होता. सही करायची म्हणजे जीभ बाहेर काढून करायचा. आणि शिमग्याला किंवा मे महिन्यात मुंबईहून आलेला कोणीही चार पैसे बाळगणारा माणूस एसटीतून उतरला की ह्याचाच ठावठिकाणा विचारी. हा स्टँडसमोरच्या हॉटेलात बाकावर पाय घेऊन सुपारी कातरत बसलेला असे. मला बघितलं की हात करायचा, "भाऊ, या, च्या घ्या." मी घाईत आहे असं दाखवून पुढे जायचो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याला नुसतं बसून मिळत होतं, मला चालून मिळत नव्हतं.

एकदा माझं जमत आलं होतं. मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला एक गृहस्थ, रस्त्याकाठचं भातशेत, विकणारा एकच भाऊ. कागद मी असे केले होते की त्यात वकिलाला बोट ठेवता आलं नसतं. तेव्हा वारसाचा नवा कायदा येऊन काही वर्षं झाली होती. बापाच्या माघारी मुलीचंही नाव लागत होतं, आणि तिने हक्क सोडल्याची सही दिल्याशिवाय शहाणा माणूस जमीन घेत नसे. विकणारा म्हणाला होता, बहीण देईल की सही, ती कशाला नाही म्हणते. त्या शब्दावर मी राहिलो. दस्ताच्या दिवशी बहिणीचा नवरा कचेरीच्या पायरीवर येऊन उभा राहिला आणि सगळं तिथेच अडलं. गिऱ्हाईक उठून हेड्याकडे गेलं. महिन्याच्या आत तीच जमीन, तेच कागद, आणि ती बहीण हसत येऊन अंगठा देऊन गेली.

मला वाटलं, ह्याने काहीतरी लबाडी केली. मी मुद्दाम त्या बहिणीच्या नवऱ्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, लबाडी कसली, तो आधी आमच्याकडेच आला. विकणाऱ्याच्या घरी जायच्या आधी हा माणूस बहिणींच्या सासरी जायचा. ओटीवर बसायचा आणि तिलाच विचारायचा, बाय, म्हायेरचं तुला काय पायजे? एकीने बांधावरच्या फणसाची फळं मागितली होती, एकीने पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं एवढंच. ते तो भावांकडून कबूल करून घ्यायचा, आणि मग जमिनीचं बोलणं काढायचा. लबाडी निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. हे तर मलाही करता येण्यासारखं होतं, म्हणून मी जास्तच जळलो.

त्या वैशाखात त्याने नाते गावाजवळचा एक मोठा व्यवहार हातात घेतला. दोन भाऊ, एकच बहीण, ती पोलादपूरच्या वर घाटाकडच्या एका गावात दिलेली. गिऱ्हाईक मुंबईचं, पक्कं. आणि नेमका हेड्या हिवतापाने अंथरुणाला खिळला. बहिणीकडे जायचं अजून राहिलंय, असं हॉटेलात कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी पोलादपूरला उतरलो आणि चढ चढायला लागलो.

ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. तिशीची असेल. मी तिला कायदा सांगितला. तिसरा हिस्सा तुझा आहे, एका लुगड्यावर तो सोडू नकोस, सही मागायला आले तर देऊ नकोस. तिने हात पुसले, ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग भाव मला सनाला बोलावतील?"

हक्काचं मागताना भिऊन कसं चालेल, असं मी म्हणालो. माझ्याकडे सगळ्याला उत्तर होतं. तुझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही म्हणून उन्हातून एवढा लांब आलो, असंही म्हणालो. त्या दिवशी बोललेल्यात तेवढंच खोटं होतं. तिने मला गूळ-पाणी दिलं आणि वाटेपर्यंत सोडायला आली.

तिने सही दिली नाही. भाऊ दोनदा जाऊन आले, आरडाओरडा करून आले, ती बधली नाही. गिऱ्हाईक मुंबईला परत गेलं. तापातून उठलेला हेड्या हॉटेलात खांदे पाडून बसलेला मी लांबून बघितला. तीन दिवस मला जेवण गोड लागलं.

गणपतीत कानावर आलं की भावांनी तिला गौरीला आणलं नाही. माहेर तुटलं, असं बायका म्हणत होत्या. मी मनाला समजावलं की आपण कायदा सांगितला, भांडण लावलं नाही. ते मला पटलंही.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. हातात फडक्याने झाकलेलं ताट, पायावर धूळ. विचारत विचारत घर काढलं होतं. बायको कोण म्हणून पुढे झाली, तर ती म्हणाली, "भावांनी तोंड फिरवलं. आज ववाळू कुनाला? माज्यासाटी बोलनारे ह्ये येकलेच."

मला सख्खी बहीण नाही. बायकोने पाट मांडला, रांगोळी काढली आणि माझ्याकडे अशा कौतुकाने बघितलं की तसं तिने लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. मी पाटावर बसलो. तिने ओवाळलं. खरं सांगायला तोंड उघडलं तर तिने त्यात करंजी घातली. मग मी खाल्ली.

ती सासरी परत गेली आणि माझा धंदा सुरू झाला. महाडचा एक भाऊ आहे, बहिणीच्या बाजूने बोलतो, असं ती घाटाकडच्या बायाबायांत सांगत सुटली. वर्षाच्या आत त्या बायकांच्या ओळखीने माझा पहिला व्यवहार पुरा झाला, मग दुसरा, मग मोजायचं सोडलं. आता मीही आधी बहिणींच्या सासरी जात होतो. लोक मला सज्जन म्हणायला लागले आणि मी ते अंगाला लावून घेतलं. त्यानंतरच्या दोन्ही दिवाळ्यांना ती आली. मी तिच्यासाठी लुगडं आणायला स्वतः बाजारात जायचो, रंगावरून दुकानदाराशी हुज्जत घालायचो, आणि भाऊबीजेच्या सकाळपासून पोलादपूरच्या गाड्या बघत बसायचो.

चौथ्या दिवाळीला पाट मांडून ठेवला आणि ती आली नाही. दुपारची गाडी गेली. कलत्या उन्हाला हेड्या आला, आमच्या ओट्यावर पहिल्यांदाच. पाणी प्यायला आणि सांगू लागला की तीन वर्षं तो त्या भावांच्या दारी जात होता. शेवटी त्यांनी भाताचं एक खाचर बहिणीच्या नावाने काढून दिलं, बाकीची जमीन तिच्या सहीने विकली गेली, आणि आज सकाळी धाकटा भाऊ गाडी जुंपून तिला आणायला गेला.

"तुमी तिला सांगितलंत ते चांगलंच केलंत, भाऊ," तो म्हणाला. "कोनी तरी सांगायला होवं. पन तिला सांगून झाल्यावर भावांकडंबी जायाला होवं होतं. ते राहिलं होतं, म्हनून मी गेलो."

त्याला सगळं ठाऊक होतं. कदाचित पहिल्यापासून. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. बरं झालं, असं म्हणालो, आणि ते म्हणायला मला फार जोर लावावा लागला.

तिला तिचं माहेर मिळालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी मनाशी धरून बसलो होतो की ह्या वेळी तिथल्या पाटावर तो धाकटा भाऊ बसला असेल, आणि त्याने तीन वर्षांत तिला एक चोळीचा खणही दिला नव्हता. हेड्याने माझी गिऱ्हाइकं नेली तेव्हा इतकं लागलं नव्हतं. तो गेल्यावर बायकोने विचारलं, पाट उचलू का. मी म्हणालो, राहू दे, संध्याकाळची गाडी अजून यायची आहे.