जगाच्या जत्रेचा देव

आमच्या सेनगावच्या बचत गटात जेवढं भरतकाम होतं तेवढाच गोंधळ होतो. धाग्याचा गुंता निदान कात्रीनं तुटतो. गोंधळाचं तसं नाही, एक ओढला की मागून दुसरा आलाच! सध्या सगळे किस्से तांड्यावरच्या जमनाचे. अध्यक्ष मी, म्हणून ताप मला.

*

तालुक्याचे साहेब म्हणाले, "जपानात जगाचं प्रदर्शन भरलंय. भारताच्या दालनात बसून भरतकाम करून दाखवायला एक बाई द्या."

"तिथं काय असतंय साहेब?"

"सगळे देश आपापली प्रगती दाखवतात. रॉकेट, रोबोट..."

"मग आमचा सुई-दोरा काहून?"

साहेबांनी चहा मागवला!

*

हात जमनाचाच चांगला. पण तिची सासू, केसरमाय, पाठवीना. मी म्हणलं, "जत्राच हाय गं माय, जगाची!"

"जत्रा? मग देव कोणता?"

आली का पंचाईत! म्हणलं, "असंल की एखादा."

म्हातारीनं लगेच नारळ काढला. "तिथल्या देवाला फोड. दर्शन न करता आलीस तर घरात घेणार न्हाई!"

जमना माझ्याकडं बघून राहिली. मी छताकडं.

*

विमानतळावर तपासणीवाल्यानं जमनाची बॅग उघडली.

"ये नारियल किसलिए?"

"देवाला."

"कौनसे भगवान को?"

"ते तिथं गेल्यावर कळंल!"

जमना गेली जपानला. नारळ राहिला इथंच.

*

तिकडून फोन. "अक्का, इथं रोबोट वाकून नमस्कार करून राहिला."

"मग तोच देव असंल!"

"देव कुठं आपल्याला नमस्कार करतो?"

बराबर होतं! मग मी अक्कल चालवली. "सगळ्यात लांब रांग कुठं हाय ते बघ. देव तिथंच. उभी राहा गुमान!"

*

जमना परत आली तेव्हा मी मुद्दाम सोबत गेले. केसरमाय दार अडवूनच उभी.

"भेटला देव?"

"भेटला. लई रांग होती. आत काचेत एक काळा दगड. शेंदूर न्हाई, पण समदे गुपचूप उभे. विचारलं तर म्हणले, चंद्रावरून आणलाय."

"नारळ?"

"विमानवाल्यांनी ठेवून घेतला. मग मी ओढणीचा एक आरसा उसवला, त्याच्यापुढं ठेवला. तर तिथला माणूस पळत मागं आला. कमरेत वाकला, अन् दोन्ही हातांनी आरसा परत दिला."

"परसाद!"

म्हातारी दारातून बाजूला झाली. आरसा कपाळाला लावला. आम्ही दोघी सुटलो एकदाच्या!

तेवढ्यात ती थबकली. आरशात बघत म्हणाली, "ह्या लोकांनी देवाला हिकडं आणलं. मग चंद्रावर आता कोण हाय?"