घरातलं हाय, टपरीवरचं आहे

आमची टपरी लोहगडवाडीत आहे, गडाच्या पायऱ्या सुरू व्हायच्या थोडं अलीकडे. निळ्या ताडपत्रीखाली दोन बाकं, एक चूल, एक गॅस आणि मागं लागूनच घर. आई तिथं भजी, पिठलं-भाकरी आणि ताक विकते. भाऊ, म्हणजे माझे वडील, मळवली स्टेशनवर उतरलेल्या लोकांना जीपमधून वर आणतात. सोमवार ते शुक्रवार भाऊंना डुलक्या काढायला वेळ असतो, शनिवार-रविवारी श्वास घ्यायला नसतो.

आईच्या तोंडात दोन बोलणी आहेत. वळणावर कुणाची टोपी दिसली की तिचा आवाज गोड होऊन वर चढतो, "या ताई, या दादा, बसा ना! गरम गरम भजी आहेत, पिठलं आहे, ताक आहे!" त्यातला प्रत्येक 'आहे' पुण्याच्या बाईसारखा स्वच्छ. आणि त्याच दमात मान मागं वळवून मला, "ए भवाने, कुटं उलथलीस? हंड्यात पानी हाय का न्हाई?" टपरीवर आहे, घरात हाय. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या आया अशाच दोन आवाजांत बोलत असतील.

मी दुसरी-तिसरीत असताना एक कॉलेजची ताई दर रविवारी गडावर यायची. उतरताना आमच्याकडे ताक प्यायची आणि माझे केस सोडून उलटी वेणी घालून द्यायची. एकदा म्हणाली, "पुढच्या रविवारी तुझ्यासाठी क्लिपा आणते हं." मी तो रविवार आणि त्याच्यानंतरचे कितीतरी रविवार केस न विंचरता बाकावर बसून काढले. ती काही आली नाही. शेवटी मी भोकाड पसरलं तेव्हा आईनं कांदा चिरता चिरता मला समोर बसवलं. म्हणाली, "गिऱ्हाईक हाय ते. वर चढतंय, खातंय, उतरतंय. उतरणाऱ्याला जीव लावायचा न्हाई बाय. गोड बोलायचं, सावकाश उतरा म्हनायचं, परत या म्हनायचं, झालं." मग तिनंच माझे केस ओढून ओढून विंचरले. चांगलं दुखलं होतं, अजून आठवतंय.

'सावकाश उतरा हं, परत या!' हे आमच्या टपरीचं शेवटचं वाक्य. पैसे घेताना आई ते म्हणते. कधी कधी माणूस वळणापलीकडं जाईपर्यंत म्हणत राहते.

तर मी पुढं शिकले, पुण्यात हॉस्टेलवर राहून शेतीची पदवी घेतली आणि मातीच्या शास्त्राचं शिक्षण घ्यायला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात शिष्यवृत्ती मिळाली. भाऊ म्हणाले, "माती शिकाया एवढ्या लांब? आपल्याकडं काय सिमेंट हाय व्हय?" हा विनोद त्यांना इतका आवडला की पुढं महिनाभर त्यांनी जीपमधल्या प्रत्येक माणसाला ऐकवला. माझी पोरगी इंग्लंडला जाते असं सरळ सांगायला लाजत होते, म्हणून विनोदातून सांगायचे.

निघायच्या दिवशी आईनं हातावर दही ठेवलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. स्वेटर वरच ठेव. चटणी सांडली तर पेपरं खराब व्हतील. कुनी काय दिलं तर खाऊ नको. उपाशी झोपू नको. जीप हलली तरी ती खिडकीला धरून चार पावलं बोलत आली, "तिकडं लय थंडी हाय म्हनत्यात, कान बांध!" मला तेव्हा तिचा राग आला होता. साऱ्या वाडीसमोर कान बांध काय! मी तशी फटकळच, तिच्यावरच गेलेय. खिडकीतून ओरडले, "बांधते गं बाई, सोड आता!"

तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यातच मला कळलं की आपल्याला कुणी ओरडत नाही म्हणजे किती एकटं वाटतं. माझ्या घरात आम्ही चारजणी राहत होतो. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा, वर नावाची चिठ्ठी. कुणी कुणाच्या दुधाला हात लावायचं नाही. सगळ्या स्वभावानं चांगल्या. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, 'हाय.' कॉलेजातही तेच. दारात हाय, लिफ्टमध्ये हाय, प्रयोगशाळेत हाय. अगं पण काय हाय? कुटं हाय? म्हणायचं आणि पुढं निघून जायचं! दिवसभरात ढिगानं हाय ऐकायचे आणि एकानंही पोट भरायचं नाही. रविवारी दुपारनंतर रस्ते इतके रिकामे व्हायचे की मी खिडकीत उभी राहून कुत्रं तरी दिसतंय का बघायचे. रविवार म्हणजे आमच्याकडं नुसती झुंबड. हितं रविवारी माणसंच आटतात.

फोन दुपारच्या सुट्टीत करायचे. तिकडं तेव्हा टपरी आवरत आलेली असायची. पहिला व्हिडिओ कॉल लागला तर आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेली, इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर, मागं भिंतीवर कॅलेंडर. म्हणाली, "कशी आहेस? जेवण झालं का? तिकडे थंडी आहे का?"

मला वाटलं कुणी पाहुणे आलेत. विचारलं, "कोण आहे गं तिथं?"

"कोणी नाही," आई म्हणाली.

कोणी नाही! घरात आयुष्यभर 'कोन न्हाई' म्हणणारी बाई मला 'कोणी नाही' म्हणाली. पुढच्या फोनलाही तेच. आम्ही बरे आहोत. पाऊस बरा झाला आहे. म्हैस व्याली आहे. म्हैस व्याली आहे, अरे देवा! म्हैस व्याली तर आमच्या घरात चार घरांना ऐकू जाईल असा कालवा होतो, आणि ही मला बातम्या दिल्यासारखं सांगते आहे. एक दिवस माझं डोकं सटकलं. मी फोनवरच ओरडले, "आई, नीट बोल ना माझ्याशी!"

ती गोंधळली. पदर सारखा करून म्हणाली, "नीटच बोलते आहे ना?"

मी फोन ठेवला आणि कॉलेजच्या बागेतल्या बाकावर बसून मोठमोठ्यानं रडले. एक म्हातारे गृहस्थ थबकले, म्हणाले 'हाय', आणि मी बरी आहे ना असं विचारलं. त्यांना काय सांगू, की मला माझ्या आईनं गिऱ्हाईक केलंय!

भाऊंना वेगळा फोन लावून विचारलं. ते हसले. म्हणाले, "तुजा फोन यायचा आसला की ती आदी तोंड धुती, साडी बदलती, मग बसती. लय तयारी करती गं. तुज्याजवळ चार शिकलेली मान्सं आसत्यात, आपलं बोलनं ऐकत्याल, आसं वाटतं तिला."

"भाऊ, हितं मराठी कुणाला कळत नाही. यांना हाय काय आणि आहे काय!"

"मी सांगतो," भाऊ म्हणाले. त्यांनी सांगितलंही असेल. आईचं बोलणं मात्र तसंच स्वच्छ राहिलं. मग मीही सावरून बोलायला लागले. ती विचारायची जेवण झालं का, मी म्हणायचे झालं. मग दोघी एकमेकींकडं बघत बसायचो आणि कधी तीच म्हणायची, "बरं, ठेवते मग." फोन ठेवल्यावर मी चिठ्ठीवाल्या कप्प्यातून माझं दूध काढून चहा करायचे आणि स्वैपाकघरात कुणी नसलं तर भांड्याशी बोलायचे. चहा हाय. साखर न्हाई. लय थंडी हाय.

पहिलं वर्ष सरून दुसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी घरी आले. फक्त भाऊंना सांगितलं होतं. रविवार होता, जीपमध्ये गिऱ्हाइकं भरलेली, मी त्यांच्यातच दाटीवाटीनं बसले. शेवटच्या वळणावर मी उतरले आणि चालत वर निघाले. अंगात जाड जॅकेट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, पाठीला पिशवी. आई कढईवर वाकलेली होती. मान वर केली, डोळ्यांवर हात धरून उन्हात माझ्याकडं बघितलं आणि तिचा आवाज गोड होऊन वर चढला, "या ताई, या! बसा ना. गरम गरम भजी आहेत!"

मी गंमत करायची ठरवून आले होते, ती राहूनच गेली. गुपचूप जाऊन बाकावर बसले. लहानपणापासूनच्या सवयीनं एक पाय वर घेऊन, मांडी मोडून. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं माझा तो पाय बघितला आणि तांब्या बाकावर आपटला.

"अगं मेले!" बेसनानं भरलेल्या हाताचा रट्टा माझ्या पाठीत बसला. "सांगायचं न्हाई व्हय! आगं काय हाय का अंगात, नुस्ती हाडं राहिलीत! खायला देत न्हाईत काय तितं? आवं, बगा की, कोन आलंय!" ती रडत होती, हसत होती, मला मारत होती, आणि कढईतली भजी करपून काळी झाली. समोरच्या बाकावरचे पुण्याचे चौघेजण करपल्या वासात आमच्याकडं बघत बसले होते. त्या दिवशी त्यांना भजी मिळाली नाहीत.

मग सुट्टीभर हाय. जेवान हाय, घे. अंगाला तेल हाय, लाव. आंघूळ केलीस का न्हाई? हितं आलीस की लय आळशी व्हतीस. मी मुद्दाम लोळत पडायचे, म्हणजे ती ओरडेल. एवढं सुख मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

जायच्या दोन दिवस आधी दुपारी आई कांदे निवडत बसली होती. मी शेजारी बसून पाती काढत होते. तिथं मला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, की शिक्षण संपल्यावर संशोधनाला थांबशील का. आणखी तीन-चार वर्षं, कदाचित पुढं नोकरीही. मी विचार करून सांगते म्हणाले होते, पण मनातून हो होतं. ते मी आईला सांगितलं. सरळच सांगितलं, वळणं न घेता.

तिनं हातातला कांदा फिरवून बघितला, कुजका निघाला तो बाजूला टाकला. दुसरा घेतला.

"बरं आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. समोर फोन नव्हता, इस्त्रीची साडी नव्हती, ऐकायला चार शिकलेली माणसं नव्हती. आम्ही दोघीच होतो. मला तो कांदा चिरणारा हात आणि तेव्हाचं तिचं बोलणं आठवलं, उतरणाऱ्याला जीव लावायचा न्हाई. ती मला कधीपासून उतरणाऱ्यांत धरत होती कुणास ठाऊक. फोनवरची ती सगळी तयारी, तो पदर, ते स्वच्छ बोलणं काही परक्या माणसांसाठी नव्हतं. मी म्हणाले, "आई, मी काय गिऱ्हाईक न्हाई." मला राग आला होता आणि भीतीही वाटली होती.

"माहीत आहे ना मला," आई म्हणाली, आणि कांद्याची टोपली उचलून आत गेली.

निघायच्या दिवशी तिनं हातावर दही ठेवलं. स्वेटर नाही, चटणी नाही, कान बांध नाही. मी दोनदा टोपी काढून पिशवीत टाकली, तिला दिसेल अशी. तिनं बघितलं आणि पदर सारखा केला. भाऊंनी सामान जीपमध्ये चढवलं, मी त्यांच्या शेजारी बसले. आई टपरीच्या बांबूला धरून उभी होती. जीप वळली तसा तिनं आवाज चढवला.

"सावकाश उतरा हं! परत या!"

जीपमध्ये आम्ही दोघं होतो, म्हणून ती 'या' म्हणाली असेल, असं मी अजून स्वतःला सांगते. पण भाऊ तर मला पोचवून संध्याकाळी घरी येणारच होते.